वाघाचे दात आणि शिकाऱ्याचा कान

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ताप मलेरियाचा नव्हता. शहरातल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीची ही पहिली नोंद मानली जाते. साथ मुंबईत थांबली नाही. रेल्वेच्या रुळांवरून ती पसरली. एका फाट्याने कल्याण, कर्जत करत बोरघाट चढून दख्खनमध्ये गेली, तर दुसऱ्याने कसाऱ्याचा घाट चढून उत्तरेकडे. सप्टेंबर-ऑक्टोबरातली दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर ठरली. देशभरात किमान सव्वा कोटी माणसे मेली. काही अंदाज याहून बरेच मोठे आहेत.

हिमालयातल्या गढवालपर्यंत साथ पोचली तेव्हा तिथे निराळाच प्रश्न उभा राहिला. डोंगरावरच्या गावातून प्रेत खाली दरीतल्या नदीकाठी न्यायचे, लाकडे गोळा करायची आणि दहन करायचे, ही रीत. पण घराघरात माणसे आजारी असताना खांदा द्यायला तरी कोण उरणार? मग मृताच्या तोंडात जळता निखारा ठेवून प्रेत कड्यावरून दरीत सोडले जाई. त्या दरीत बिबटे होते. माणसांच्या साथीचा आणि नरभक्षक बिबट्याचा असा संबंध लावणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो रेल्वेचा ठेकेदार होता आणि शिकारी होता. त्याचे नाव एडवर्ड जेम्स कॉर्बेट, मराठी वाचकांच्या ओळखीचा जिम कॉर्बेट.

कॉर्बेटच्या शिकारकथा पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. त्यांतला थरार सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्यातले वैद्यकशास्त्र सहसा निसटते. मारलेल्या प्रत्येक नरभक्षकाचे शरीर तो बारकाईने तपासायचा. दात पाहायचा, पंजे पाहायचा, जुन्या जखमा चाचपायचा. हे जनावर माणसाच्या वाटेला का गेले, हा त्याचा प्रश्न असे आणि उत्तर तो शरीरात शोधे. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा असलेला डॉक्टर वेगळे काय करतो?

जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. घराणे मूळचे आयरिश, वडील गावचे पोस्टमास्तर. ते वारले तेव्हा जिम सहा वर्षांचाही नव्हता. आई मेरी जेन हिने मोठे खटले सांभाळले. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा घराचा रिवाज होता. कालाढुंगीचे जंगल हीच त्याची खरी शाळा. कोणता पक्षी कशाला घाबरून ओरडतो, सांबराची हाक आणि भेकराची हाक यांत काय फरक, वानर झाडावरून कोणाला पाहून खोकतो, हे सगळे तो कानाने शिकला. कानाने, हा शब्द महत्त्वाचा आहे.

पहिली बंदूक मिळाली ती ठासणीची. कोकणात ही बंदूक कोणाला समजावून सांगायला नको. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचे आणि मग एकच बार. जिमची बंदूक दुनळी होती, पण एक नळी फाटलेली आणि मोडका दस्ता पितळी तारेने बांधलेला. एक बार फुकट गेला तर दुसरा भरेपर्यंत जनावर डोंगरापलीकडे. त्यामुळे नेम धरेपर्यंत थांबण्याची सवय लहानपणीच लागली. पुढे शाळेच्या कॅडेट तुकडीतली मार्टिनी-हेन्री रायफल हाती आली. तीही एका वेळी एकच गोळी घेणारी.

शिक्षण लवकर संपले. विशीच्या आत तो रेल्वेत लागला. आधी इंजिनांसाठी लाकूडतोडीची देखरेख आणि मग गंगेकाठच्या मोकामेह घाटावर माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवण्याचा ठेका. वीसेक वर्षे त्याने ते काम केले. मजुरांबरोबर राहिला, त्यांच्या मुलांसाठी शाळा काढायला मदत केली. शिकार हा सुट्टीतला उद्योग होता; पोट रेल्वेवर चालत होते.

१९०७ मध्ये चंपावतची वाघीण त्याच्या वाट्याला आली. आधी नेपाळात आणि मग कुमाऊंत मिळून तिच्या नावावर ४३६ बळी लागले होते. हाकाऱ्यांनी डोंगर उतरवत आणलेल्या वाघिणीसमोर कॉर्बेट उभा राहिला तेव्हा त्याच्याजवळ काडतुसे होती फक्त तीन. ती संपली तरी वाघीण उभीच होती, म्हणून त्याने धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक आणली. वाघीण पडल्यावर तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले होते, वरचा निम्मा आणि खालचा पार हाडापर्यंत. कोणाच्या तरी बंदुकीच्या गोळीने ते काम केले होते.

सुळा ही वाघाची केवळ शोभा नाही. धावत्या हरणाच्या मानेत घुसून ते पकडून ठेवण्याचे हत्यार तेच. माणसाच्या दाताचा मगज उघडा पडला की थंड पाण्याच्या घोटानेही कळ मस्तकात जाते. दात तुटून मुळाशी पू झाला तर माणूस चार दिवस जेवत नाही. वाघाला दंतवैद्य नाही. ज्याची मान पातळ, कातडी मऊ, ज्याला शिंगे नाहीत आणि जो धावत नाही, असे भक्ष्य मग उरते. चंपावतच्या वाघिणीला कोणा शिकाऱ्याने जखमी करून सोडून दिले आणि त्याची किंमत शेकडो गवत कापणाऱ्या बायकांनी मोजली, असे कॉर्बेटचे म्हणणे होते.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, पॉइंट २७५ बोअरची. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी आणि तिच्यावर प्रसंग कोरलेला. पुढची तीसेक वर्षे ही रायफल त्याच्या हातात राहिली.

तिची यंत्रणा मूळची जर्मन, माउझरची. नळीच्या मागे दाराच्या कडीसारखा एक दांडा असतो. कडी वर उचलायची, मागे ओढायची, की रिकामे काडतूस बाहेर उडते. पुढे ढकलली की खालच्या पेटीतले नवे काडतूस नळीत बसते. कडी खाली पाडली की पोलादी खुंट्या खाचेत अडकतात आणि मागचे तोंड घट्ट बंद होते. एवढेच. भाग कमी, म्हणून बिघाडही कमी; चिखल, थंडी, पाऊस यांना ती फारशी दाद देत नाही. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री नॉट थ्री याच कुळातली. पॉइंट २७५ म्हणजे इंचाचे मोजमाप, मिलिमीटरमध्ये गोळी सातची. वाघासाठी त्या काळचे साहेब लोक याच्यापेक्षा जड दुनळी रायफली वापरत, कॉर्बेटकडेही तशी एक होती. पण जड रायफलीचा धक्का खांद्याला बसतो, माणूस चाप ओढण्याआधीच नकळत दचकतो आणि नेम चुकतो. हलक्या माउझरला हा दोष कमी. डोंगरात दिवसाला पंधरा-वीस मैल एकट्याने पायी हिंडणाऱ्याला वजनाचा प्रत्येक छटाक मोजावा लागतो, तो हिशेब निराळाच.

या हलकेपणानेच एकदा त्याचा जीव वाचवला. ११ एप्रिल १९३० चा प्रसंग. चौगढच्या वाघिणीच्या मागावर असताना त्याला रातव्याची दोन अंडी सापडली. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद होता, त्याने ती डाव्या हातात घेतली. एका दरडीच्या कडेने वळला आणि मान फिरवली तर मागे काही फुटांवर वाघीण बसलेली. रायफल उजव्या हातात आणि नळीचे तोंड भलतीकडे. झटका दिला तर ती झेप घेणार. त्याने एका हातानेच रायफल इंच-इंच करत जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवली आणि गोळी झाडली. अंडी फुटली नाहीत. वाघीण तपासली तेव्हा नखे तुटलेली, एक सुळा मोडलेला आणि पुढचे दात हिरडीच्या हाडापर्यंत झिजलेले. तिच्या नावावर ६४ बळी होते.

मुक्तेश्वरच्या वाघिणीची नोंद तर एखाद्या रुग्णाच्या केसपेपरसारखी वाचता येते. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या उजव्या पायात सुमारे पन्नास काटे घुसले. लांबी एक इंचापासून नऊ इंचांपर्यंत. काही काटे हाडाला थटून उलटे वळलेले. काटा आत राहिला की भोवती पू होतो, सूज येते, पाय टेकवत नाही. ती गवतात पडून जखमा चाटत होती तेव्हा एक बाई नेमके तेच गवत कापायला आली. पहिल्या बळीला वाघिणीने तोंडही लावले नाही. भुकेने मारायला ती पुढे शिकली. एकूण २४ माणसे गेली.

या साऱ्यावरून कॉर्बेटने नियम मांडला तो असा की वाघ सहसा जखमेमुळे आणि क्वचित म्हातारपणामुळे नरभक्षक होतो. माणूस हे त्याचे स्वाभाविक अन्न नाही. जनावराला क्रूर ठरवण्याऐवजी त्याचा पूर्वेतिहास विचारणारी ही दृष्टी त्या काळात मोठीच होती. वाघ दिसला की मारावा, बक्षीस घ्यावे, असे ते दिवस होते.

तरी वैद्यकाच्या कसोटीवर या नियमाला एक खोट आहेच. त्याने तपासली ती मुख्यतः नरभक्षकांचीच शरीरे. तुटक्या सुळ्याचे आणि पायात काटे असलेले किती वाघ माणसाला हातही न लावता जगले आणि मेले, याची मोजदाद नव्हती. औषधाची परीक्षा करताना तुलनेसाठी दुसरा गट लागतो, तो इथे नाही. १८९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या त्सावो इथे हिंदुस्थानातून नेलेल्या रेल्वे मजुरांना खाणाऱ्या दोन सिंहांच्या कवट्या शिकागोच्या संग्रहालयात आहेत. त्या अलीकडे तपासल्या गेल्या. एकाच्या सुळ्याच्या मुळाशी पुवाचा फोड होता. तिथे कॉर्बेट बरोबर ठरतो. दुसऱ्याची दुखापत त्या मानाने किरकोळ होती. आपल्या बाजूला कर्जतहून घाट चढून पलीकडे उतरले की जुन्नर लागते. तिथल्या बिबट्यांवर विद्या अत्रेय यांनी काम केले. पिंजऱ्यात पकडून दूर सोडलेल्या बिबट्यांमुळे माणसांवरचे हल्ले वाढले, असे त्यांना आढळले. ही धडधाकट जनावरे होती. ओळखीचा मुलूख सुटणे ही जखम दातांत दिसत नाही.

आता रुद्रप्रयागचा बिबट्या. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर आठ वर्षे त्याने दहशत घातली. सरकारी नोंदीत १२५ बळी. दिवस मावळला की गावे दारे लावून घेत. यात्रेकरू धर्मशाळेत एकमेकांना चिकटून बसत. विषाचे आमिष झाले, सापळे झाले, बक्षिसे लागली, ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. कॉर्बेट आला आणि त्याने कित्येक रात्री नुसत्या बसून काढल्या. शेवटी गुलाबराई इथल्या आंब्याच्या झाडावर तो अनेक रात्री बसला. खाली बकरी, तिच्या गळ्यात घंटा. मे १९२६ च्या पहिल्या दोन दिवसांमधली ती रात्र. घंटा वाजली, रायफलीला बांधलेली विजेरी क्षणभर पेटली आणि गोळी सुटली. ती याच रिग्बीची. सकाळी पाहिले तर म्हातारा नर. दात झिजलेले, एक सुळा तुटलेला, मागच्या पायाचे एक बोट जुन्या गोळीने उडालेले.

हा बिबट्या माणसाकडे का वळला, तर १९१८ च्या साथीत टाकलेली प्रेते खाऊन, असे कॉर्बेटने लिहिले. १९१० मध्ये त्याने मारलेला पनारचा बिबट्या, ज्याने ४०० माणसे मारली, तो कॉलऱ्याच्या मोठ्या साथीनंतर उदयाला आला होता. दोन बिबटे, दोन साथी, ५२५ बळी. वाघ जखमेमुळे आणि बिबट्या साथीमुळे, अशी त्याची मांडणी होती. बिबट्या मेलेले खातो हे खरे. भूक भागवण्याचा सोपा मार्ग सापडल्यावर साथ ओसरते, प्रेते मिळेनाशी होतात आणि मग तो जिवंत माणसाकडे वळतो, हा तर्क पटण्यासारखा आहे.

पण तारखा पाहिल्या तर गुंता होतो. रुद्रप्रयागच्या बिबट्याचा पहिला नोंदलेला बळी बेंजी गावचा, ९ जून १९१८ चा. मुंबईत ते सात शिपाई रुग्णालयात आले त्याच्या एक दिवस आधीचा! मुंबईहून आगगाडीने आणि पुढे पायवाटांनी साथ गढवालात पोचायला अवधी लागला असणार, आणि प्रेते टाकायची वेळ आली ती शरदातल्या लाटेत. म्हणजे पहिल्या बळीचे खापर तरी इन्फ्लुएन्झावर फोडता येत नाही. फार तर आधीच लागलेली चटक साथीने पक्की केली, असे म्हणता येईल. याने कॉर्बेट लहान होत नाही. त्याने तारखा लपवल्या नाहीत, स्वतःच्या पुस्तकात त्या छापल्या. म्हणून तर आज त्या ताडून पाहता येतात. साथीच्या रोगात प्रेताची नीट विल्हेवाट लावणे हे आरोग्यखात्याचे काम का असते, याला एक वेगळेच कारण त्याच्या पुस्तकातून मिळते.

या शिकारीचा एक हिशेब शिकाऱ्याच्या शरीरातही लिहिला गेला. १९२९ च्या फेब्रुवारीत एका शिकारपार्टीत दुसऱ्या कोणाची तरी रायफल त्याच्या कानाशी, काही इंचांवर उडाली. पडदा फाटला. काही आठवड्यांत आत पू धरला. नैनितालच्या रुग्णालयात डॉक्टरांना फारसे काही करता येईना. फ्लेमिंगने पेनिसिलिनची बुरशी पाहिली होती ती आदल्याच वर्षी, आणि औषध म्हणून ते रुग्णापर्यंत यायला आणखी दहा-बारा वर्षे जायची होती. सल्फाची औषधेही नव्हती. कानातला पू मागच्या हाडात आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. त्या काळी माणसे याने मरत. कॉर्बेटला हे सांगितले गेले होते. त्याने काय केले, तर एप्रिलमध्ये तल्ला देसच्या नरभक्षकाच्या मागे निघाला.

डोके सुजून डावा डोळा मिटला होता. मान वळत नव्हती. घोटभर दूध सोडले तर खाणे जात नव्हते. तशा अवस्थेत तो चालत राहिला, आणि एका रात्री तो गळू नाकातून आणि डाव्या कानातून फुटला. आतला दाब बाहेर पडला म्हणून तो जगला. गळू आतल्या बाजूला फुटले असते तर पुढची पुस्तके लिहिली गेली नसती. याला धैर्य म्हणणारे पुष्कळ आहेत. वैद्यकीय दृष्टीने तो निव्वळ जुगार होता आणि फासा बरा पडला. त्या कानाचे ऐकणे मात्र कायमचे अधू झाले.

एका कानाने ऐकू येतच असते, मग बिघडले काय? बिघडते ते दिशेचे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला किंचित नंतर पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाएवढा. मेंदू एवढ्या फरकावरून आवाज कुठून आला हे ठरवतो. एक कान गेला की आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही. रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकून भलतीकडे पाहणारे रुग्ण कान-नाक-घशाच्या ओपीडीत नेहमी भेटतात. कॉर्बेटचे तर सगळे शास्त्रच कानावर उभे होते. भेकर ओरडले ते डाव्या ओढ्यात की उजव्या, यावर तो जगायचा किंवा मरायचा. चौगढची वाघीण पाठीशी येऊन बसली तो प्रसंग या दुखापतीनंतर वर्षभराने घडला. यापुढेही तो एकट्याने, पायी, नरभक्षकांच्या मागे जातच राहिला. शेवटची ठाकची वाघीण त्याने १९३८ मध्ये मारली, वय ६३ असताना.

कर्जत-खालापूरच्या भातशेतीत रानडुकरे शिरतात. काही शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. माथेरानच्या पायथ्याच्या किंवा भीमाशंकरच्या अंगाच्या वाड्यांवर बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येते. अशा भागात कॉर्बेटच्या कानाची गोष्ट नुसती ऐकून सोडण्यासारखी नाही. १४० डेसिबलच्या पुढचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो, आणि रायफलीचा बार याच्याही वर, साधारण १६० च्या आसपास जातो. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नाही: दहाने वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. बार झाल्यावर कान वाजत राहिला, दडे बसले किंवा कानातून पाणी-रक्त आले तर कानात तेल घालू नये. कान कोरडा ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. आतल्या कानाला मार बसला असेल तर उपचाराचे पहिले दिवस मोलाचे असतात. बिबट्याचे नख किंवा दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये आणि रेबीजची लस तसेच इम्युनोग्लोब्युलिन मिळेल त्या दवाखान्यात लगेच जावे. मांजरकुळातल्या दातांवर पाश्चुरेला नावाचे जंतू असतात; जखम वरून लहान दिसते आणि आत झपाट्याने पिकते. कॉर्बेटच्या काळात वाघाच्या तावडीतून सुटलेली कितीतरी माणसे पुढे जखम चिघळून गेली.

दोन महायुद्धांत त्याने सैन्यात काम केले. पहिल्यात कुमाऊंच्या पाचशे मजुरांची तुकडी घेऊन तो फ्रान्सला गेला. दुसऱ्यात वय साठीच्या पुढे असूनही सैनिकांना जंगलयुद्ध शिकवत होता, ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणाऱ्यांना जंगलात जगायचे कसे हे दाखवत. याच वर्षांत गोचिडीपासून होणाऱ्या टायफसने त्याला गाठले. हा नेहमीचा टायफॉइड नव्हे. रिकेट्सिया नावाचे जंतू गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतात. ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ, मग इंद्रियांना सूज. तो महिनोन्‌महिने रुग्णालयात होता, वजन भयंकर उतरले. आज डॉक्सीसायक्लिनच्या स्वस्त गोळ्यांनी हा आजार बरा होतो, अट इतकीच की त्याची शंका वेळेत यायला हवी. रिकेट्सियाचे ताप महाराष्ट्रातही आढळतात. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर गवतात काम करणाऱ्याला ताप आला तर अंगावर काळी खपली कुठे आहे का, हे पाहायला हवे. ती बहुधा काखेत नाहीतर जांघेत दडलेली असते.

सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक, 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं', १९४४ मध्ये मुंबईहून निघाले, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून. पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न त्याने युद्धात दृष्टी गेलेल्या हिंदी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी देऊन टाकले.

त्याला संत करण्याची गरज नाही. १९३० च्या हिवाळ्यात त्याने पवळगढचा प्रचंड वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता. त्याचा दोष इतकाच की तो फार मोठा होता. व्हाइसरॉयच्या शिकारींची व्यवस्थाही तो बघे आणि त्या शिकारींत नरभक्षक नसलेले वाघ पडत. पण याच वर्षांत तो रायफल बाजूला ठेवून चित्रफितीचा कॅमेरा घेऊनही बसू लागला होता. वाघ संपले तर हिंदुस्थान दरिद्री होईल, असे तो जाहीरपणे सांगू लागला. १९३६ मध्ये देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान त्याच परिसरात झाले आणि त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत तो होता. पुढे या उद्यानाला त्याचेच नाव दिले गेले.

लग्न केले नाही. बहीण मॅगी आणि तो, दोघेच. कालाढुंगीजवळचे छोटी हल्द्वानी हे गाव त्याने वसवले, रानडुकरांपासून पीक वाचवायला गावाभोवती दगडी भिंत बांधून दिली. १९४७ मध्ये घर सोडून भाऊ-बहीण केनियातल्या न्येरीला गेले. तिथे १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा मृत्यू झाला. वय ७९.

रिग्बी रायफल पुढे त्याच्या प्रकाशकांकडे गेली. आता ती लंडनला, जिने ती बनवली त्याच कंपनीकडे आहे. २०१६ मध्ये ती कुमाऊंत आणून लोकांना दाखवली गेली. दस्त्यावरची चांदीची पट्टी अजून जागेवर आहे, १९०७ साल आणि चंपावतचे नाव तिच्यावर वाचता येते.